सात नंबरच्या बाईचे सहा मिलिसेकंद

फिंकबायनरबाई आणि मी अकरा वर्षं एकाच मजल्यावर काम केलं. या अकरा वर्षांत तिचा एकही दिवस माझ्यामुळे सुखाचा जाऊ नये याची मी जातीने काळजी घेतली, आणि तिनेही माझ्या बाबतीत हात आखडता घेतला नाही. आमच्याकडे माणसं वीस-वीस वर्षं एकमेकांना अहो-जाहो करतात आणि तेवढ्याच सभ्यपणे एकमेकांचं वाटोळं करतात. आम्ही दोघं त्यात तरबेज होतो.

आमचं ऑफिस दक्षिण जर्मनीत, ब्योब्लिंगेन गावाच्या अलीकडे, टेकडीच्या उतारावर. बत्तीस माणसं, दोन मजले, खाली तळघर. आम्ही गाड्या बनवत नाही. गाडी रस्त्यावरच्या माणसाला धडकली तर त्या माणसाचं काय होईल, ते गाडी बनवणाऱ्यांना आधीच सांगतो. हल्ली हे सगळं संगणकात होतं. फिंकबायनरबाई संगणकात माणसं बनवते. हाडं, मांस, सांधे, कातडी, सगळं लाखो बारीक तुकडे जोडून केलेलं. मग त्या माणसाला पडद्यावर उभं करायचं आणि त्याच्या अंगावर गाडी सोडायची. रक्त नाही, आवाज नाही, आणि बिनसलं तर पुन्हा पहिल्यापासून.

पण असल्या पडद्यावरच्या माणसावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? माझ्या जोरावर. १९९५ साली एका विद्यापीठाच्या तळघरात आम्ही आठ मृतदेहांवर खरी गाडी घातली होती. मेल्यावर आपलं शरीर विज्ञानाला द्या असं लिहून ठेवणारी माणसं असतात, त्यांतली ही आठ. पट्ट्यांनी टांगून उभं करायचं, ताशी चाळीसच्या वेगाने गाडी आणायची आणि ऐन वेळी पट्टे सोडायचे. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो आणि पट्टे बांधणं, सोडणं, मोजणं हे सगळं माझ्याकडे होतं. सात पुरुष आणि एक बाई. त्यांना नावं नव्हती, नंबर होते. बाई सात नंबर: वय एकोणऐंशी, उंची एकशे एक्कावन्न सेंटिमीटर, वजन चव्वेचाळीस किलो.

त्या आठ चाचण्यांचे आकडे पुढे सगळीकडे गेले. कोणीही संगणकात माणूस बनवला की त्याच्या हालचालीच्या आलेखाची रेघ माझ्या रेघेवर ठेवून बघायची, जुळली तर माणूस खरा. लहानखुऱ्या बाईची तर माझी एकच चाचणी सगळे धरायचे, कारण दुसरी कोणी केलीच नव्हती. माझं नाव कोणाला माहीत नसलं तरी माझे आकडे सगळ्यांना पाठ होते, आणि मला तेवढं पुरत होतं.

फिंकबायनरबाई आमच्याकडे आली त्याच वर्षी हानोफरच्या एका परिषदेत, दोनशे माणसांसमोर उभी राहून म्हणाली, "श्लॉटरबेक यांच्या कामात आठ मृतदेह आहेत आणि एक मत आहे. मत श्लॉटरबेक यांचं आहे." लोक हसले. श्लॉटरबेक म्हणजे मी. त्या दिवशी मी जेवलो नाही. तेव्हापासून सकाळी नऊच्या खाण्याला ती स्वयंपाकघरात असली की मी माझं लोणी लावलेलं ब्रेझल, म्हणजे खारा पाव, माझ्या खोलीत माझ्या टेबलाशी बसून खायचो. आमच्याकडे स्वयंपाकघर पुसायची पाळी आठवड्याने फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकते. एकदा तिने ती पाटी सलग तीन आठवडे माझ्या दारावर लटकवली. मी तीन आठवडे पुसलं, पण तिचा कप कधी धुतला नाही.

अकराव्या वर्षीच्या मार्चमध्ये एका गाडीवाल्यांचं काम आलं. त्यांच्या नव्या गाडीचं बॉनेट धडक बसल्याबरोबर स्प्रिंगने वर उचललं जायचं. डोकं येऊन आदळायच्या आत बॉनेट वर गेलं, की खालच्या इंजिनाच्या लोखंडापासून ते लांब राहतं आणि पत्र्यात रुततं. माणूस वाचतो. बॉनेट अर्धं वर असतानाच डोकं आलं तर मात्र वर येणारा पत्रा आणि खाली येणारी कवटी एकमेकांना भेटतात. ते बॉनेट पूर्ण वर जायला पंच्याहत्तर मिलिसेकंद लागत होते. उंच माणसाचं डोकं यायला पुष्कळ वेळ लागतो, त्याची चिंता नव्हती. प्रश्न लहानखुऱ्या बाईचा होता.

माझ्या सात नंबरचं डोकं अठ्ठ्याहत्तर मिलिसेकंदांनी आदळलं होतं, म्हणजे बॉनेट तीन मिलिसेकंद आधीच वर. बाई वाचली. फिंकबायनरबाईच्या संगणकातल्या बाईचं डोकं बहात्तरलाच आदळत होतं. बॉनेट अजून येतंच आहे. बाई मेली.

आमच्याकडे चार डोळ्यांचा नियम आहे. कुठल्याही अहवालावर दोन माणसांच्या सह्या लागतात, एक संगणकवाल्याची आणि एक चाचणीवाल्याची, आणि दोघांनी स्वतंत्रपणे बघायचं. तिची सही आणि माझी सही. मला मनापासून आनंद झाला होता. अकरा वर्षांनी तिची बाई माझ्या रेघेवरून घसरली होती, आणि तेही ग्राहकासमोर.

आमचे मालक ग्विनर यांनी बैठक बोलावली. हा माणूस कोणाशी भांडत नाही, फक्त थकलेला चेहरा करतो आणि समोरच्याला लाज वाटेपर्यंत बसून राहतो. तो तिला म्हणाला की थोडं जुळवून घ्या, बुटाचं जमिनीशी घर्षण वाढवा, मान जराशी ताठ करा, रेघ आपोआप जागेवर येईल.

"सगळेच करतात," तो म्हणाला.

"सगळे करत असतील. माझ्या बाईत चूक नाही. चूक यांच्या आकड्यात आहे."

"माझ्या चाचणीत खरं माणूस होतं, बाई," मी म्हणालो. "तुमच्या चाचणीत वीज आहे. बटण बंद केलं की संपली."

तिने पडद्यावर दोन रेघा आणल्या, एक तिची आणि एक माझी. मग बोटाने तिची रेघ उजवीकडे सरकवली आणि ती माझ्या रेघेवर अशी बसली की खालची दिसेना.

"वळणं बघा," ती ग्विनरला म्हणाली. माझ्याकडे ती बघत नसे. "खांदा कुठे वळतो, मान कुठे झुकते, सगळं तंतोतंत. शरीर चुकलं असतं तर आकार बदलला असता. आकार तोच आहे, फक्त सहा मिलिसेकंदांचा फरक आहे. शरीर बरोबर आहे. घड्याळ चुकलंय."

"घड्याळ मी लावलं होतं."

"म्हणूनच म्हणतेय."

मी म्हणालो की सरकवून जुळवायचं म्हटलं तर मी बटाट्याचं पोतंसुद्धा माझ्या रेघेवर बसवून दाखवतो. ग्विनरने थकलेला चेहरा केला. पुढच्या सोमवारी ग्राहकाचा माणूस येणार होता, तोवर काय ते ठरवा, म्हणाला.

बुधवारी माझ्या टेबलावर तिचा अर्ज आला. सात नंबरची पायाच्या कॅमेऱ्याची रीळ पाहायला मिळावी.

इथे जरा सांगायला हवं. त्या काळी आम्ही दोन कॅमेरे लावायचो, दोन्ही सेकंदाला हजार चित्रं काढणारे. एक डोक्यावर आणि खांद्यावर, दुसरा पायांवर. गाडीच्या बंपरवर तांब्याची एक पातळ पट्टी चिकटवलेली असायची. तिच्यावर दाब पडला की कोपऱ्यात एक दिवा पेटायचा आणि तो दोन्ही कॅमेऱ्यांत दिसायचा. दिवा पेटला ते चित्र शून्य. तिथून पुढे मोजायचं. पाय कधी धडकला हे बघायला कोणी जात नसे. दिवा होता ना. आमचं सगळं काम त्या दिव्यावर चालायचं. पुढे डोक्याच्या कॅमेऱ्याच्या रिळा संगणकात चढवल्या, कारण डोक्यात सगळ्यांना रस होता. पायाच्या रिळा आठ पत्र्याच्या डब्यांत, आमच्या तळघरातल्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात.

अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. तिने तो कोरा सोडला होता. मला इतकं बरं वाटलं की मी कॉफी आणून मग तो अर्ज पुन्हा वाचला. लाल पेनाने लिहिलं, 'कारण नमूद नाही, नामंजूर', शिक्का मारला आणि तिच्या खणात टाकला. दुपारी जेवायला मसूर आणि श्पेट्झले नावाचे शेवयांसारखे तुकडे होते. तेही मला गोड लागले.

पण मनातून ते जाईना. तिला रीळ का हवी हे मला ठाऊक होतं, तिला दिवा आणि पाय बघायचे होते. मग मी ठरवलं, आपणच बघू. दिवा आणि पाय एकाच चित्रात दिसतील, त्याचा मोठा फोटो काढू आणि सोमवारी ग्राहकासमोर तिच्या पुढ्यात ठेवू. हानोफरची परतफेड होईल. शुक्रवारी आमच्याकडे एक वाजता सगळं ऑफिस रिकामं होतं. दीड वाजता मी तळघरात गेलो, सात नंबरचा डबा काढला आणि उजेडाच्या टेबलावर रीळ पसरून भिंग लावलं.

दिव्याचं चित्र लगेच सापडलं. कोपऱ्यात पांढरा ठिपका. बंपर डावीकडे, तिची पोटरी उजवीकडे, निळ्या चड्डीच्या खाली. आणि मध्ये अंतर होतं.

मी पुढचं चित्र बघितलं. अंतर होतं. त्याच्या पुढचं. अंतर होतं. सहाव्या चित्रात बंपर तिच्या पायाला लागला.

मी पहिल्यापासून पुन्हा मोजलं. पाच वेळा मोजलं. मग दिव्याच्या चित्रावर परत आलो आणि बंपरला काय शिवतंय ते शोधलं. दिसलं. पट्ट्याचं टोक. ते टांगायचे पट्टे धिप्पाड पुरुषांच्या मापाचे होते. चव्वेचाळीस किलोच्या म्हातारीवर ते आवळले की हातभर शेपूट उरायचं, आणि त्याच्या टोकाला लोखंडी चिमटी. ते शेपूट अंगाला चिकटपट्टीने बांधून टाकायचं असतं. इथे ते कमरेवरून खाली लोंबत होतं, गाडीच्या बाजूला, पायाच्या सातेक सेंटिमीटर पुढे. चिमटी आधी लागली आणि दिवा पेटला. पाय नंतर लागला.

आणि मला तो दिवस आठवला. चिकटपट्टी संपली होती. नवीन चिकटपट्टी दोन मजले वर होती. मी कंटाळा केला. एवढंच. मी वर गेलो नाही.

त्या बाईने बहात्तर मिलिसेकंदांतच डोकं आपटलं होतं. फिंकबायनरबाईची बाई खरी होती आणि माझी खोटी. चोवीस वर्षं, ज्याने ज्याने लहानखुऱ्या बाईसाठी बॉनेट बनवलं, त्याला मी सहा मिलिसेकंद जास्त दिले होते.

शनिवार आणि रविवार मी काय केलं ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. मी हिशोब मांडत बसलो की कोणाला कळेल का. किल्ली माझी. डबा माझा. अर्ज रीतसर नामंजूर. सोमवारी मी फक्त म्हणायचं की माझा आकडा बरोबर आहे, तिने जुळवून घ्यावं. ग्विनर तिला दाबेल, ती कुरकुरेल आणि घर्षण वाढवेल, किंवा नोकरी सोडून जाईल. दोन्हीत माझा फायदा होता. तीन वर्षांत मी निवृत्त होणार होतो. रविवारी दुपारपर्यंत मी जवळजवळ ठरवलंही होतं.

मग बूट पुसताना मला आठवलं की सात नंबरला टेबलावरून पट्ट्यांपर्यंत मी एकट्याने उचललं होतं. पुरुषांना तीन जण लागायचे. तिला उचलताना मी गमतीने काहीतरी बोललो होतो, काय ते आठवत नाही, आणि सगळे हसले होते. त्या बाईने कधीतरी टेबलाशी बसून कागदावर सही केली असेल की मी मेल्यावर माझं शरीर घ्या, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. तिने दिलं. आणि मी जिना चढायचा कंटाळा केला. मला स्वतःची इतकी किळस आली की बूट तसेच टाकून मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

सोमवारी ग्राहकाचा माणूस आला. ओट त्याचं नाव, वय पस्तीस, दात फार पांढरे. ग्विनर, ओट, फिंकबायनरबाई आणि मी. ग्विनरने प्रस्तावना केली की दोन आकड्यांत किरकोळ तफावत आहे आणि आज ती मिटवायची आहे. मी फोटो टेबलावर ठेवला.

"माझा आकडा चुकीचा आहे," मी म्हणालो. "दिवा सहा मिलिसेकंद आधी पेटला. पट्ट्याचं टोक मी बांधलं नव्हतं. बहात्तर बरोबर आहे."

फिंकबायनरबाईने फोटो ओढून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी जवळून बघितला. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसेल असं वाटलं होतं ते दिसलं नाही. ती फक्त मोजत होती.

ओटने विचारलं, "छापलेला आकडा किती आहे?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि नियमात कुठला धरतात?"

"छापलेला."

"मग झालं," ओट म्हणाला. "आम्ही नियमाने चालतो. तुमच्या तळघरात काय सापडलं ती तुमच्या घरातली गोष्ट. बाईंनी आपली रेघ छापलेल्या आकड्यावर आणावी, तुम्ही दोघांनी सही करावी, मी दुपारच्या ट्रेनने परत जातो."

मी म्हणालो की त्यांच्या नव्या गाडीखाली बाई मरेल. तो म्हणाला, याच आकड्यावर पास झालेल्या दोन गाड्या चार वर्षांपासून रस्त्यावर आहेत, आणि तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं. हे तो मला टोमणा म्हणून बोलला नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

ग्विनरने थकलेला चेहरा केला आणि तिच्याकडे वळला. "फिंकबायनरबाई?"

"नाही."

"श्लॉटरबेक?"

"नाही."

अकरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकाच बाजूला होतो आणि दोघांनाही ते सहन होत नव्हतं. ती खुर्ची माझ्यापासून वीतभर लांब सरकवून बसली. ओटने कागद गोळा केले. म्हणाला, हरकत नाही, असलं काम करणारी ऑफिसं पुष्कळ आहेत, तीन आठवड्यांत सही मिळेल, आणि तीही जास्त सभ्य माणसांकडून. ग्विनर त्याला सोडायला खाली गेला आणि जाताना त्याने दार आपटलं. या माणसाला दार आपटताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी सरळ तळघरात गेलो. काही करायला नाही, लोकांच्या नजरेआड बसायला. पाच मिनिटांनी ती मागून आली आणि दारातच उभी राहिली. मला वाटलं, आता हानोफरसारखं काहीतरी येणार. मी म्हणालो, "बोला. आज तुमचा दिवस आहे."

"तुम्ही मला हरवायला म्हणून बघितलंत ना?"

"हो."

"मला ठाऊक होतं. म्हणून कारण लिहिलं नाही. मी रीळ बघून सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बाईला मोजता येत नाही, आणि सगळ्यांनी तुमचं ऐकलं असतं. ते तुम्हीच बघायला हवं होतं. आणि तुम्ही बघणार ते फक्त दुष्टपणाने."

मला तिचा गळा धरावासा वाटला. ती बरोबर होती, म्हणून जास्तच. मी म्हणालो की असल्या चाली खेळणाऱ्या बाईचा मला तिटकारा आहे. ती म्हणाली की तो तिलाही माझा आहे, तेव्हा ते बोलण्यात वेळ घालवू नये, कारण ओटकडे तीन आठवडे आहेत. त्याच्या आत अठ्ठ्याहत्तर हा आकडा छापील रीतीने मागे घेतला गेला तर दुसरं कुठलंही ऑफिस त्यावर सही करू शकणार नाही.

"तेच करतो," मी म्हणालो. "आकडे छापणाऱ्या नियतकालिकाला आजच पत्र लिहितो. सात नंबर मागे."

"बाकीचे सात डबे बघितलेत?"

"त्यांच्या रेघा तुमच्या माणसांशी जुळतात. तुम्हीच म्हणाला होतात."

"चालण्याजोग्या फरकाच्या आत जुळतात. दोन-तीन मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तरी जुळलं असंच धरतात. मी विचारलं, बघितलेत का?"

मी बघितले नव्हते. मला सातच्या पलीकडे काही सुचलंच नव्हतं. भांडण सातवर होतं.

तिने खुर्ची ओढली आणि उजेडाच्या टेबलाशी बसली. मी डबे काढले. ती भिंगातून बघायची आणि आकडा सांगायची, मी बघायचो आणि आकडा सांगायचो, दोन्ही सारखे आले की लिहायचं. एकमेकांचं डोकं मध्ये येऊ नये म्हणून आम्ही इतके लांबून वाकत होतो की माझी पाठ धरली. पहिला डबा, शून्य. दुसरा, शून्य. तिसरा, शून्य. मला जरा श्वास आला.

चौथा डबा तिने दोनदा मोजला. मग भिंग माझ्याकडे सरकवलं.

"दोन," ती म्हणाली.

चार नंबर हडकुळा होता, अठ्ठावन्न किलोचा. त्याचंही शेपूट उरलं असणार. मी बघितलं. दोन होते. मी दोन लिहिलं. पाचवा, शून्य. सहावा, एक. आठवा, शून्य. सहावा चुकांत धरावा की सोडावा यावर आम्ही वीस मिनिटं भांडलो. मी म्हणत होतो एक चित्र म्हणजे काहीच नाही, ती म्हणत होती की काहीच नाही हे मी ठरवायचं नाही. शेवटी तोही धरला.

आठांपैकी तीन गेले. तीन गेले म्हणजे उरलेल्या पाचांवरही कोणी विसंबणार नाही, मीही विसंबलो नसतो. मी पत्र लिहायला घेतलं तेव्हा सुरुवातीला फक्त तीन नंबर लिहिले होते. ती मागे उभी राहून वाचत होती. मी ते खोडलं आणि लिहिलं की १९९५ च्या आठही चाचण्या मी मागे घेत आहे, पट्ट्यांची टोकं बांधायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी नीट केलं नाही, आणि लहानखुऱ्या बाईसाठी ज्यांनी अठ्ठ्याहत्तर धरले त्यांनी रस्त्यावरच्या गाड्याही पुन्हा तपासाव्यात. चोवीस वर्षांचं काम अर्ध्या पानात मावलं. मला रडू येत होतं, आणि तिच्यासमोर ते येऊ नये म्हणून मी दात आवळून बसलो होतो.

मी सही केली. खाली दुसऱ्या सहीची जागा होती. तिने पेन काढलं, पण सही करायच्या आधी सोबत जोडलेला जुना तक्ता सावकाश वाचला, ओळीवर बोट ठेवून. तिचं बोट सात नंबरवर थांबलं.

"एकोणऐंशी लिहिलंय," ती म्हणाली. "हिचं वय तरी बरोबर आहे ना?"

मी हो म्हणालो. तिने सही केली आणि पत्र टाकायला स्वतः घेऊन गेली. ते वय मी त्या बाईच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवरून घाईत उतरवून घेतलं होतं, आणि त्यानंतर कधी पडताळून पाहिलं नव्हतं.